निर्णय उभा आहे

आमच्या घरी कबड्डीचा विषय निघाला की आई उठून आत जाते. गॅसवर काही ठेवलेले नसले तरी जाते. अण्णा मग वर्तमानपत्राचे पान उलटतात आणि मी दुसरेच काहीतरी बोलू लागते. लहानपणी मला वाटे, आईला खेळ आवडत नसावेत. पुढे कळले की प्रश्न खेळाचा नाही, एका निर्णयाचा आहे. आणि तो निर्णय माझ्या जन्माच्याही तीन वर्षे आधी दिलेला आहे.

अण्णा शाळेत खेळाचे शिक्षक. तालुक्यात कबड्डीचे पंच म्हणून त्यांना मान होता. २००२ साली जत्रेतल्या सामन्यांत अंतिम फेरीला एका बाजूने माझे आजोळ आले. "गुरुजी, तुमची सासुरवाडी असली तरी पंच तुम्हीच," असे दोन्ही गावांनी सांगितले, कारण अण्णांच्या सचोटीबद्दल कुणाला शंका नव्हती. शेवटची चढाई आली तेव्हा आजोळ एका गुणाने मागे होते. चढाईला माझा धाकटा मामा. तिघांनी मिळून त्याची पकड केली. त्याने तसेच अंग झोकून मध्यरेषेकडे हात लांबवला आणि सगळे एका ढिगात पडले. रेषा फक्कीची, धुळीत निम्मी पुसलेली. मामाचे बोट रेषेला लागले असेल तर पकडणारे तिघेही बाद आणि सामना आजोळचा. लागले नसेल तर मामा बाद. अण्णांनी मामाला बाद दिले.

आजोळची माणसे म्हणाली, "आपण निःपक्षपाती आहोत हे दाखवायला गुरुजींनी मेहुण्याचा बळी दिला." जिंकलेल्या गावची माणसे म्हणाली, "वाघ माणूस! सासुरवाडीचीही भीड ठेवली नाही." अण्णांना ही दोन्ही बोलणी सारखीच लागली. त्यांनी शिट्टी खुंटीला टांगली ती कायमची. मामा दर भाऊबीजेला येतो, आईकडून ओवाळून घेतो, अण्णांना "बरं आहे ना, दाजी?" एवढे विचारतो, चहा घेतो आणि जातो. तेवीस वर्षे हे असेच चालले होते.

अमेरिकेतल्या फुटबॉलशी याचा काय संबंध, असे वाचकांच्या मनात येईल. तेच सांगायला बसले आहे.

माझा मावसभाऊ, त्याला आम्ही सगळी भावंडे दादा म्हणतो, शिकायला अमेरिकेत ओहायो राज्यात आहे. तिकडे कॉलेजच्या फुटबॉलचे जे वेड आहे त्याची कल्पना आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांवरून येणार नाही. त्याच राज्यात कोलंबस या गावी विद्यापीठाचे जे स्टेडियम आहे त्यात एक लाखाहून अधिक माणसे बसतात. खेळणारी मुले मात्र तुमच्या-आमच्यासारखी, विद्यापीठात शिकणारी. २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. तिकडे शनिवारी दुपारी बाराला सामना सुरू झाला की आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजत. दादा व्हिडिओ कॉल लावून आपला मोबाइल टीव्हीसमोर ठेवी, मी माझा मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवी, आणि तेवढ्या इवल्याशा चित्रात आम्ही बापलेक तो धसमुसळा खेळ बघत असू. आई झोपलेली असे. शिवाय ही कबड्डी नव्हती.

खेळ समजायला सुरुवातीला जड जातो. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातातच! ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचे असते. प्रत्येक प्रयत्नाला डाउन म्हणतात. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू दुसऱ्याकडे. असे सरकत सरकत टोकाच्या पट्ट्यात पोचले की टचडाउन. अण्णांनी पहिल्याच रात्री निदान केले, "ही पकडाचीच जात आहे. फक्त दम धरायला नको." आणि खरेच, एका चेंडूभोवती दहा-बारा दांडगट मुलांचा ढीग पडला की मलाही आमच्या जत्रेतल्या मैदानाची आठवण होई. अण्णांना होत नसेल असे कसे म्हणावे?

तिसऱ्या की चौथ्या सामन्यात तो प्रसंग आला. एका मुलाने हवेतला चेंडू रेषेच्या अगदी काठावर झेलला. पंचांनी झेल पूर्ण दिला. पुढचा डाव सुरू होणार एवढ्यात पांढऱ्या टोपीचा मुख्य पंच हात वर करून थांबला.

"काय झालं रे?" अण्णांनी विचारले.

"वरून थांबवलंय, काका," दादा म्हणाला. "वर खोलीत रिप्लेचा पंच बसलेला असतो. तो प्रत्येक डाव पडद्यावर बघतो. शंका आली की खाली इशारा पाठवतो."

अण्णा भिंतीला टेकून बसले होते ते सरळ झाले. त्या रात्रीपासून त्यांचे लक्ष खेळावरून उडाले आणि पंचांवर बसले. दादाला त्यांनी इतके प्रश्न विचारले की शेवटी त्याने नियमांचे पुस्तक उघडले. काही गोष्टी मी स्वतः वाचून काढल्या. त्यातून जे हाती आले ते थोडक्यात असे.

कॉलेज फुटबॉलमध्ये रिप्लेचा पहिला प्रयोग २००४ साली बिग टेन या विद्यापीठगटाने केला. २००५ मध्ये इतर गटांनाही मुभा मिळाली, आणि २००६ पासून सगळ्यांना एकच नियम लागू झाला. त्याच वर्षी प्रशिक्षकाला दाद मागण्याचा हक्क मिळाला. त्याला तिकडे 'चॅलेंज' म्हणतात. व्यावसायिक फुटबॉलमध्ये प्रशिक्षक त्यासाठी लाल रुमाल मैदानात फेकतो; कॉलेजमध्ये तसा तमाशा नाही. प्रशिक्षकाने आपला एक टाइमआउट घ्यायचा आणि मुख्य पंचाला सांगायचे की अमुक निर्णय मला मान्य नाही. टाइमआउट म्हणजे खेळ थांबवण्याची सवलत. प्रत्येक संघाला अर्ध्या सामन्यात तीनच मिळतात. निर्णय फिरला तर टाइमआउट परत मिळतो. नाही फिरला तर तो गेला, आणि दाद मागण्याचा हक्कही संपला. पहिली दाद खरी ठरली तरच दुसरी मागता येते. तिसरी कधीच नाही. आणि ज्याच्याकडे टाइमआउटच उरलेला नाही, त्याला डोळ्यांदेखत अन्याय झाला तरी दाद मागता येत नाही.

"हे बरं आहे," अण्णा म्हणाले. "फुकट असतं तर प्रत्येक डावाला हात वर झाला असता. पदरचं काही घालायची तयारी असेल त्यानंच तक्रार करावी."

शिवाय सगळ्याच गोष्टींवर दाद नाही. चेंडू झेलला की जमिनीला लागला, पाय रेषेच्या आत की बाहेर, गुडघा टेकण्याआधी चेंडू सुटला की नंतर, हे तपासता येते. पण एखाद्याने प्रतिस्पर्ध्याला बेकायदा धरून ठेवले, असल्या पंचाच्या मतावर सोपवलेल्या गोष्टी तपासता येत नाहीत. आणि सर्वांत कठोर नियम वेळेचा. पुढचा डाव सुरू झाला की मागच्याचे दार बंद. म्हणून शंकास्पद झेल पदरात पडला की काही संघ धावतपळत रांग लावून पुढचा डाव उरकून टाकतात. वरच्या खोलीतल्या माणसाला श्वास घ्यायला सवड मिळू नये, हा हिशेब!

पण अण्णांच्या मनात रुतून बसली ती गोष्ट वेगळीच होती. त्या रात्री तो झेल बराच वेळ तपासल्यावर मुख्य पंच मायक्रोफोनवर काहीतरी बोलला आणि खेळ पुढे सुरू झाला.

"म्हणजे झेल बरोबर होता तर," मी म्हणाले.

"तसं नाही," दादा म्हणाला. "तो 'स्टँड्स' म्हणाला. 'कन्फर्म्ड' म्हणाला असता तर त्याचा अर्थ, बघितलं, बरोबर आहे. 'ओव्हरटर्न्ड' म्हणजे बघितलं, चूक आहे, फिरवला. 'स्टँड्स' म्हणजे बघितलं, पण चूक की बरोबर ते चित्रात नक्की कळत नाही. म्हणून मैदानावर जो दिला तोच राहिला."

नियमाची बैठकच तशी आहे. मैदानावरचा निर्णय बरोबर आहे असे धरून चालायचे, आणि वादच घालता येणार नाही इतका स्वच्छ पुरावा चित्रात असेल तरच तो फिरवायचा. क्रिकेट बघणाऱ्यांना 'अंपायर्स कॉल' ठाऊक आहे. हा त्याचा चुलतभाऊ म्हणा.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग स्वतःशीच म्हणाले, "स्टँड्स. म्हणजे उभा आहे. पक्का नाही, पण उभा आहे."

दादाने फोन ठेवल्यावर मी डबा जागेवर ठेवला आणि दिवा मालवणार तोच अण्णा बोलू लागले. तो सामना त्यांनी माझ्यापाशी कधी काढला नव्हता. "त्या दिवशी मला हात दिसला. रेषा दिसली. दोन्हीच्या मधलं दिसलं नाही. आणि शिट्टी तोंडात धरताना मनात आधीच आलं होतं की उद्या लोक म्हणतील, मेहुण्याला दिलं. आता तू शिकलेली आहेस, सांग. तो निर्णय मी डोळ्यानं दिला की भीतीनं?"

मला उत्तर देता आले नाही. शिकलेली मी कसली? मी म्हणाले, "अण्णा, नियम तर पंचाचं बरोबर आहे असंच धरतो." ते म्हणाले, "नियमाला धरावंच लागतं, नाहीतर खेळ पुढं जायचा नाही. मी कसं धरू?"

सुट्टी संपवून मी वसतिगृहावर परत आले. पण तो प्रश्न बरोबर आला. अभ्यासाच्या नावाखाली मी या खेळातले जुने वाद वाचत बसू लागले. चित्रफीत असती तर अण्णांचा प्रश्न सुटला असता का, एवढेच मला बघायचे होते.

पहिले उत्तर मिळाले ते फार जुने. १६ नोव्हेंबर १९४० रोजी कॉर्नेल आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांचा सामना झाला. कॉर्नेलचा संघ सलग १८ सामने हरला नव्हता. शेवटच्या काही सेकंदांत तो ३–० असा मागे होता, आणि अखेरच्या क्षणी टचडाउन करून ७–३ असा जिंकला. पण पंचांच्या मोजण्यात गफलत झाली होती. तो विजयी प्रयत्न चौथा नव्हता, पाचवा होता! रिप्लेचे नावही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. मात्र सामन्याची फिल्म काढलेली होती. ती धुऊन पाहिल्यावर चूक स्वच्छ दिसली. पंचाने ती कबूल केली, आणि कॉर्नेलने डार्टमथला तार करून विजयावरचा आपला हक्क सोडला. नोंद आजही डार्टमथ ३, कॉर्नेल ० अशीच आहे. कुठल्याही नियमाने त्यांना तसे करायला लावले नव्हते.

मी हे फोनवर अण्णांना सांगितले. "असं झालं असतं तर मी सुटलो असतो," ते म्हणाले.

पण सगळीच माणसे कॉर्नेलसारखी नसतात. ६ ऑक्टोबर १९९० रोजी मिझुरी आणि कोलोरॅडो यांच्या सामन्यात अगदी तीच चूक पुन्हा झाली. कोलोरॅडोला पाचवा प्रयत्न मिळाला, त्यावर त्यांनी टचडाउन केले आणि ते ३३–३१ असे जिंकले. पंचांना निलंबित केले गेले. विजय मात्र कोलोरॅडोने सोडला नाही, आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाचा एक वाटाही त्यांच्याकडे गेला.

आणि यंत्र आल्यावर? यंत्रापुढेही माणूसच बसतो. १६ सप्टेंबर २००६ रोजी, म्हणजे नवा नियम लागू झाला त्याच हंगामात, ओरेगॉनच्या मैदानावर ओक्लाहोमाचा संघ ३३–२७ असा पुढे होता आणि जेमतेम सव्वा मिनिट उरले होते. ओरेगॉनने चेंडू मुद्दाम तोकडा मारला. असा चेंडू १० यार्ड जाईपर्यंत मारणाऱ्या संघाने त्याला हात लावायचा नसतो. ओरेगॉनच्या खेळाडूने तो त्याआधीच लावला, आणि शेवटी चेंडूही ओक्लाहोमाच्याच खेळाडूच्या हाती होता. घरी टीव्हीपुढे बसलेल्या माणसांना हे दिसले. तरी रिप्ले तपासूनही चेंडू ओरेगॉनलाच मिळाला, आणि ओरेगॉन ३४–३३ असे जिंकले. पुढे त्या विद्यापीठगटाने चूक मान्य केली, क्षमा मागितली, मैदानावरच्या आणि रिप्लेच्या पंचांना एका सामन्यापुरते निलंबित केले. ओक्लाहोमाच्या विद्यापीठाध्यक्षांनी तो सामनाच नोंदीतून काढावा अशी मागणी केली, पण निकाल बदलला नाही. वरच्या खोलीत बसलेल्या त्या माणसाला मात्र घरी धमक्यांचे फोन आले.

२०१५ च्या ३१ ऑक्टोबरला ड्यूक आणि मायामी यांच्या सामन्यात तर कमाल झाली. शेवटच्या डावात मायामीच्या मुलांनी आठ वेळा चेंडू मागे एकमेकांकडे फेकत सारे मैदान पार केले आणि सामना ३०–२७ असा जिंकला. पंचांनी रिप्ले मिनिटामागून मिनिट तपासला. दुसऱ्या दिवशी गटाने जाहीर केले की मध्येच एका खेळाडूचा गुडघा जमिनीला टेकला होता. डाव तिथेच संपायला हवा होता. पंच दोन सामन्यांसाठी निलंबित. निकाल तोच.

अण्णांना मी यातला ओरेगॉनचा किस्सा सांगितला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "त्या रिप्लेवाल्याचं पुढं काय झालं?" कोण जिंकले, कोण हरले, याची चौकशी त्यांनी केली नाही.

एवढे वाचून मला जे कळले ते सांगते. चित्रामुळे पुष्कळ चुका सुधारतात हे खरे, आणि ते चांगलेच आहे. पण चित्र कितीही वेळा मागे-पुढे फिरवले तरी काही बोटे आणि काही रेषा यांच्यामधली धूळ तशीच राहते. तेव्हा माणसाने काय करावे? निर्णय तर द्यावाच लागतो, आणि दिला की तो पाळावाही लागतो. मात्र 'हा पक्का आहे' आणि 'हा फक्त उभा आहे' यांतला फरक मोकळेपणी सांगितला, तर हरलेल्याला निदान एवढे कळते की आपल्याला कुणी खोटे ठरवलेले नाही. 'स्टँड्स' या एका शब्दात पंचाची ती कबुली होती. आमच्या जत्रेतल्या मैदानात ती कबुली द्यायची सोयच नव्हती. तिथे पंचाने डळमळून चालत नाही. अण्णा डळमळले नाहीत, आणि त्याची किंमत घरातल्या सगळ्यांनी भरली. सर्वांत जास्त आईने.

आणि मग २०२५ चा हंगाम आला. गणपतीच्या सुमारास दादाचा फोन आला. म्हणाला, "काका, तुमचा शब्द गेला." त्या वर्षीपासून नियम बदलला. रिप्लेनंतर पंचाने आता दोनच शब्दांतला एक उच्चारायचा: 'अपहेल्ड', म्हणजे निर्णय कायम, नाहीतर 'ओव्हरटर्न्ड', म्हणजे निर्णय फिरवला. 'कन्फर्म्ड' आणि 'स्टँड्स' दोन्ही काढून टाकले. आपल्या दृष्टीने विचार केला तर यात फरक काहीच नाही. चेंडू ज्याच्याकडे जायचा त्याच्याकडेच जाणार. ऐकणाऱ्यालाही सोपे.

"सोपं झालं खरं," अण्णा म्हणाले. "पण शब्द काढला म्हणून शंका जाते होय?"

त्या वर्षी भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. मामा नेहमीप्रमाणे आला, आईने ओवाळले. नेहमीप्रमाणे त्याने विचारले, "बरं आहे ना, दाजी?" नेहमी अण्णा "बरं आहे" म्हणून वर्तमानपत्र उचलतात. त्या वेळी वर्तमानपत्र मांडीवरच राहिले.

"पाव्हणं, त्या जत्रेतल्या सामन्याचं एक सांगायचं होतं," ते म्हणाले. आई आत जायला वळली ती दारातच थांबली. "तुमचा हात रेषेला लागला नव्हता, असं मी नाही बघितलं. लागला असंही नाही बघितलं. जेवढं दिसलं त्यावर दिला. लोकांची भीती मनात होती का, असं विचाराल तर होती. त्यामुळं तसा दिला का, ते मला आजही सांगता येत नाही."

मामाने कप बशीत ठेवला. मला वाटले, आता हा उठणार. तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दाजी, तेवीस वर्षं मी गावात सांगत आलो, हात लागला होता म्हणून. तीन माणसं अंगावर होती, तोंडात माती गेली होती. लागला का नाही, मला तरी कुठं कळलं होतं?"

त्यानंतर त्या विषयावर दोघेही काही बोलले नाहीत. ऊस कधी तुटणार, पोरांच्या फिया किती वाढल्या, असल्या गोष्टी निघाल्या. मामाचे चहाचे भांडे रिकामे झाले तरी तो बसून होता.

निर्णय काही फिरला नाही. तो फिरवायला तेव्हा फिल्म नव्हती, आणि आता तर पुढचे कितीतरी डाव खेळून झाले आहेत. जत्रेच्या त्या सामन्यात मामा बादच आहे आणि आजोळ हरलेलेच आहे. अण्णांचा निर्णय जिथे होता तिथेच उभा आहे. फक्त तो कसा उभा आहे हे आता दोघांनाही माहीत आहे.

आई आत गेली. या वेळी खरेच चहा टाकायला.